राहुलाचे आजोबा आणि पालकभेटीचा रविवार

आपल्या विद्यालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पालकभेट असते. त्या दिवशी फाटकाजवळच्या टेबलावर जी नोंदवही ठेवलेली असते, तिच्यात चार रकाने आहेत : भेटीस येणाऱ्याचे नाव, विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता, विद्यार्थ्याशी नाते, आणि सही. ही नोंदवही सांभाळण्याचे काम गेली अनेक वर्षे अधूनमधून माझ्याकडे येते. स्मरणिकेसाठी लेख लिहावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मी कपाटातील जुन्या नोंदवह्या काढून चाळल्या. तिसऱ्या रकान्यात ‘वडील’ आणि ‘आई’ हे शब्द येतात, तितक्याच सहजपणे ‘आजी’ आणि ‘आजोबा’ हेही येतात. आणि जिथे ‘आजी’ असे लिहिले आहे, त्या ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा सहीऐवजी निळ्या शाईचा अंगठा आहे.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. अंबरनाथ स्थानकापासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६० किलोमीटर आहे. ज्यांचे आईवडील सुरक्षारक्षक, सफाई कामगार, रुग्णालयातील आया किंवा कंत्राटी मजूर म्हणून राबतात, त्यांचा रविवार हा सुट्टीचा वार असतोच असे नाही. काही पालक पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. अशा वेळी पहिली लोकल किंवा पहाटेची एसटी पकडून, पिशवीत चार भाकऱ्या, ठेचा आणि एखादा धुतलेला सदरा घेऊन फाटकाशी कोण येते, तर आजी. मुलाला भेटण्याआधी ती शिक्षकाला भेटते. तिचा प्रश्न ठरलेला असतो : “गुरुजी, पोरगं जेवतंय ना नीट?” मी शिक्षिका असूनही मला ‘गुरुजी’ म्हणणाऱ्या कितीतरी आजी मी पाहिल्या आहेत आणि त्यांची ही चूक दुरुस्त करावी असे मला कधीच वाटले नाही.

निवासी शाळा मुलाला घरापासून दूर आणते. ते आवश्यकही असते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी वसतिगृहांचाच इतिहास आहे. वस्तीतल्या अंधारातून मुलाला उचलून दिव्याखाली बसवायचे, तर त्याला काही वर्षे घरापासून वेगळे ठेवावेच लागे. परंतु या वेगळेपणाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बौद्ध साहित्यात हा प्रश्न एकदा अगदी स्पष्टपणे विचारला गेला आहे, आणि विचारणारे एक आजोबा होते.

विनयपिटकातील महावग्गात ही हकीकत येते. संबोधीनंतर तथागत कपिलवस्तूला आले. राहुलमातेने राहुलाला त्यांच्याकडे पाठविले आणि आपला वारसा मागून घे असे सांगितले. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता असे परंपरा सांगते. ते बालक ‘दायज्ज’, म्हणजे वारसा, मागत तथागतांच्या मागोमाग निघाले. तथागतांनी सारिपुत्तांना सांगून त्याला प्रव्रज्या देवविली. येथवरची कथा आपण सर्वजण जाणतो. धम्मवर्गात मुलांना ती सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. राजा शुद्धोदन तथागतांकडे गेला आणि त्याने एक वर मागितला. सिद्धार्थ घर सोडून गेला तेव्हा आपल्याला दुःख झाले, नंद गेला तेव्हाही झाले, आणि राहुल गेला तेव्हा ते सर्वाधिक झाले, असे तो म्हणतो. अपत्यप्रेम कातडी भेदते, मांस भेदते, हाडापर्यंत आणि हाडातल्या मज्जेपर्यंत पोहोचते, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. आणि मग त्याची मागणी येते : यापुढे आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती मान्य केली आणि तसा नियम घालून दिला.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या प्रसंगात दोन गोष्टी विलक्षण वाटतात. शुद्धोदनाने राहुलाला परत मागितले नाही. आपल्या घराचे जे व्हायचे ते झाले, हे त्याने स्वीकारले होते; त्याने मागितले ते इतरांच्या घरांसाठी. दुसरी गोष्ट अशी की, आजोबांच्या दुःखातून निघालेल्या या नियमात आजोबांचा उल्लेखच नाही. अनुमती लागते ती आईवडिलांची. आपल्या विद्यालयाच्या प्रवेशअर्जावरही ‘पालकाची संमती’ अशी ओळ आहे, आणि तिथे आईची किंवा वडिलांची सही असते. ज्या म्हातारीने त्या मुलाला दूध सुटल्यापासून वाढविले, तिला कुणी विचारलेले नसते. ती महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येते आणि अंगठा उमटवून जाते.

बौद्ध परंपरेत आजी-आजोबा केवळ शोकासाठी येत नाहीत. महाउपासिका विशाखा हिला धम्माकडे नेणारे तिचे आजोबाच होते. भद्दिय नगरीत तथागत येत आहेत हे कळताच मेंडक श्रेष्ठीने आपल्या सात वर्षांच्या नातीला मैत्रिणी व दासींच्या समवेत त्यांच्या स्वागतास पाठविले, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. पुढे श्रावस्तीत विहार बांधणारी, भिक्खुसंघाला आयुष्यभर दान देणारी विशाखा त्या एका दिवसातून घडली. हीच विशाखा म्हातारपणी, नात वारली म्हणून ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी भर दुपारी तथागतांकडे आली, हे उदानात आहे. कोसलनरेश प्रसेनजिताची आजी १२० वर्षांची होऊन वारली, तेव्हा तोही असाच भर दुपारी आला होता. हत्ती देऊन, घोडे देऊन, गाव देऊन ती वाचली असती तर ते सर्व मी दिले असते, असे तो म्हणाला. एवढ्या वृद्ध स्त्रीसाठी एका राजाने असे बोलावे, हे संयुत्त निकायाच्या संकलकांना नोंदवून ठेवण्याजोगे वाटले.

आता जरा आपल्या परिसराकडे येऊ. बदलापूरहून बारवी धरणाच्या वाटेने आपण मुरबाडला जातो. आपल्या विद्यालयातील कितीतरी मुले त्या तालुक्यातून येतात. हे मुरबाड बाबासाहेबांचे आजोळ. त्यांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातील. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा भाऊ हे सारे सैन्यात सुभेदार-मेजर होते. इकडे वडिलांच्या बाजूने आजोबा मालोजी सकपाळ हेही सैनिकच. सैनिकांच्या मुलांना लष्करी शाळेत शिक्षण मिळे. त्यातूनच सुभेदार रामजी शिकले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. म्हणजे बाबासाहेबांच्या हाती जी पाटी आली, तिच्यामागे दोन्हीकडच्या आजोबांची नोकरी उभी होती. १८९२च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा समाजाच्या हातून बंदूक गेली, आणि तिच्याबरोबर नातवंडांपर्यंत पोहोचणारी शाळाही गेली. हा धागा आपण मुलांना फारसा समजावून देत नाही. भीमाबाई लवकर गेल्या आणि बाल भीमरावाला आत्या मीराबाईंनी वाढविले, हे सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांना स्वतःला आजोबा होण्याचे सुख फार थोडे लाभले. थोरले नातू प्रकाश यांचा जन्म १० मे १९५४चा. त्यानंतर जेमतेम अडीच वर्षे.

आपल्या साहित्याकडे पाहिले तर आजी-आजोबांवाचून ते उभेच राहत नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्यातील बालपण वीरगावला, आजोळी गेलेले आहे आणि त्या घरातूनच संपूर्ण महारवाडा आपल्यापुढे उलगडतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) ज्याला बापाचे नाव लावता येत नाही अशा मुलाला आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारे दादा सांभाळतात. दादा मुसलमान. बसस्थानकावर हमाली करणारे. रक्ताचे नाते शून्य, जातीचे नाही, धर्माचेही नाही; तरी त्या पुस्तकात आजोबा या शब्दाला लायक असा माणूस कोण, तर दादाच. ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या नरेंद्र जाधव यांच्या पुस्तकाचा जन्मच मुळी निवृत्त वडिलांना वही-पेन देऊन ‘तुम्ही तुमचे आयुष्य लिहून काढा’ असे सांगण्यातून झाला. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या त्या वृद्धाने लिहिले. पुढे इंग्रजी आवृत्तीत अखेरचे पान नात अपूर्वा हिने लिहिले. आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्या एका पुस्तकात हात फिरवितात, असे उदाहरण मराठी चरित्रवाङ्मयात विरळाच.

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाचा उल्लेख येथे मुद्दाम करते. आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांचा शोध घेत या दोघीजणी वस्त्यावस्त्यांतून फिरल्या. ज्यांना त्या भेटल्या, त्यांतल्या पुष्कळजणी तेव्हा आजी झालेल्या होत्या. कोण कोणत्या परिषदेला गेली, कोणी मोर्चात तुरुंगवास भोगला, हे सरकारी दप्तरात सापडत नव्हते. ते त्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होते. तीच गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी गायिलेल्या ओव्या त्यांत आहेत. पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत गेले. ओव्या उरल्या त्या आजीच्या गळ्यात. ती गेली की त्याही गेल्या.

हे सारे ज्ञान सांगताना मला माझ्याच घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला संकोच वाटतो, कारण मी इतिहास घेऊन एम. ए. झाले आहे.

माझी कालकथित आजी मुरबाड तालुक्यातली. वडील कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला विमको नाक्याजवळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत असू. आई बांधकामावर जाई. मला वाढविले ते आजीने. तिला अक्षरओळख नव्हती, पण घरातला प्रत्येक छापील कागद ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेई : रेशनकार्ड, औषधाची बाटली, भज्यांच्या पुडीचा कागद. रेशनकार्डावर तिचे नाव दुसऱ्या ओळीत होते. ते तिला शाईच्या एका डागावरून ओळखता येई. तिसरीत असताना मी तिला तिचे नाव लिहायला शिकविले. तीन आठवडे लागले. नंतर एकदा टपाल कचेरीत बचत खाते उघडताना तिने सही केली, आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

ही आजी ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला होती. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला. माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना एवढेच आठवे की ते कुणाच्या तरी खांद्यावर होते, पुढे माणसेच माणसे होती आणि नंतर समुद्र होता. ती गावाहून कल्याणपर्यंत पायी आली की बैलगाडीने, सोबत कोण होते, रात्र कुठे काढली, यातले आम्हाला काहीच ठाऊक नाही. त्या दिवशी दादर चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या समुदायात उभी राहून आजीनेही हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटले काय? की गावी परतल्यावर, पुढच्या एखाद्या समारंभात दीक्षा घेतली? आमच्या घराला आपल्या दीक्षेची तारीख माहीत नाही.

ती १९९५ साली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी मी एम. ए. पूर्ण केले होते. पेशव्यांच्या काळातील महसूलव्यवस्थेवर टिपणे काढीत मी ग्रंथालयात दिवसचे दिवस बसले. रात्री घरी आल्यावर आजी दार उघडी आणि जेवण गरम करी. तिला एकदाही विचारले नाही. इतिहास हा दप्तरखान्यात असतो अशी माझी तेव्हाची पक्की समजूत होती, आणि ज्या प्राध्यापकांनी मला शिकविले त्यांचीही तीच होती.

या अपराधाची जाणीव मला फार उशिरा झाली, आणि तीही मुरबाडनेच करून दिली. ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे तिला साहाय्य लाभले. गावातील साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर अडकवून, दुपारी दोन ते चार या वेळेत शाळेत बसू लागल्या. शिकविणारी गावातलीच सून, आणि तिची सासू विद्यार्थिनींच्या रांगेत. या शाळेची वार्ता जगभर गेली आणि छायाचित्रे सर्वांनी पाहिली. परंतु मला त्यात महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. या आजींचा गृहपाठ घरी नातवंडे घेत असत. नात आजीचा हात धरून ‘अ’ गिरविते, हे दृश्य मी पाहिले तेव्हा मला आमची खोली आठवली, आणि त्याबरोबर एक हिशेबही. मी आजीला तिचे नाव दिले. पण त्या बदल्यात तिच्याकडून जे घ्यायचे, ते घेतलेच नाही. तिची सही माझ्याजवळ आहे आणि तिची हकीकत नाही.

आजी-आजोबांची ही भूमिका मानवजातीइतकीच जुनी असावी असे मानणारे मानववंशशास्त्रज्ञ आहेत. टांझानियातील हाड्झा या कंदमुळे व शिकारीवर जगणाऱ्या जमातीचा अभ्यास क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. घरात नवे मूल आले की आईचा वेळ त्यात जातो. तेव्हा आधीच्या मुलाच्या पोटात काय पडते, हे आजी जमिनीतून किती कंद खणून आणते यावर अवलंबून राहते, असे त्यांना आढळले. स्त्री प्रजननक्षमता संपल्यावरही दीर्घकाळ का जगते, याचे एक उत्तर या निरीक्षणातून पुढे आले. हे आजीचे गृहीतक म्हणून ओळखले जाते. त्यावर वाद आहेत आणि असावेत. आपल्या वीटभट्टीवरच्या कुटुंबांना मात्र ते पटवून द्यावे लागणार नाही.

आजी-आजोबांचे सारेच कौतुक करावे असे नाही. नातवाला ‘वंशाचा दिवा’ म्हणणारी आणि नातीला दुधाचा उरलेला पेला देणारी आजी आपल्याही घरांत आहे. मुलाला ताप आला की दृष्ट काढणारी, गळ्यात गंडा बांधणारी आहे. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या आजोबांच्या पेटीत तळाशी जुना टाक फडक्यात गुंडाळून ठेवलेला मी पाहिला आहे. त्यावर हसू नये. ज्यांनी आयुष्याच्या मध्यावर देव्हारे रिकामे केले, त्यांना ते किती कठीण गेले असेल, हे आपल्याला, ज्यांच्या घरात देव्हारा कधी नव्हताच, कळणे अवघड आहे. उलट नातवंडाने तो टाक पाहिला, तर त्याने आजोबांना विचारावे की हा का ठेवला. उत्तर कदाचित साऱ्या पुस्तकांपेक्षा खरे निघेल. आणखी एक : आजी हे फुकटचे पाळणाघर आहे असे समजणाऱ्या मुलासुनांविषयीही बोलले पाहिजे. सत्तरीतल्या स्त्रीने दोन नातवंडे, स्वयंपाक आणि पाण्याची रांग सांभाळायची, आणि तिच्या गुडघ्यांविषयी कुणी विचारायचे नाही, याला आपण संस्कृती म्हणू नये.

या संदर्भात दोन व्यावहारिक गोष्टी पालकांना ठाऊक असाव्यात. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्यातील ‘मुले’ या शब्दात सज्ञान नातू आणि नात यांचाही समावेश होतो. म्हणजे ज्या आजीने वाढविले, तिचा निर्वाह करणे हे नातवाचेही कायदेशीर कर्तव्य ठरू शकते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दुसरी गोष्ट, आईवडील किंवा त्यांपैकी एक गमावलेल्या मुलांना नातलग सांभाळीत असतील, तर राज्य शासनाच्या बाल संगोपन योजनेतून साहाय्य मिळू शकते. २०२३ मध्ये ही रक्कम ११०० रुपयांवरून दरमहा २२५० रुपये करण्यात आली. करोनाच्या साथीनंतर आपल्या विद्यालयातही अशी मुले आली, ज्यांचे पालक म्हणून आता केवळ आजीच उरली आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. कागदपत्रांसाठी आमचे कार्यालयीन सहकारी मदत करतात. संकोच करू नये.

२०२३ पासून राज्यातील शाळांतून १० सप्टेंबर हा आजी-आजोबा दिवस म्हणून साजरा करण्याचा निर्णय शासनाने घेतला. अमेरिकेत हा दिवस १९७९ पासून राष्ट्रीय पातळीवर पाळला जातो. वेस्ट व्हर्जिनियातील मेरियन मॅक्वेड या गृहिणीने त्यासाठी बरीच वर्षे खटपट केली होती. आपल्याकडेही गाणी, संगीत खुर्ची, पुष्पगुच्छ असे त्या दिवशी होते. म्हातारी माणसे हसतात, छायाचित्रे निघतात. वाईट काही नाही. पण निवासी शाळेला एवढ्यावर थांबता येत नाही, असे मला वाटले. आमच्या आजींना खुर्चीभोवती पळवण्यापेक्षा खुर्चीवर बसवून त्यांच्यासमोर वही उघडावी, असा विचार मी शिक्षकसभेत मांडला. एकदोन सहकारी म्हणाले, मुलांना आधीच अभ्यास पुष्कळ आहे. ते खरेही होते.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सातवी ते नववीच्या मुलांना एक दोनशे पानी वही देण्याचे ठरले. त्यात पहिल्या पानावर मी पाच प्रश्न लिहून देते. तुमचा जन्म कुठे झाला व तेव्हा गावात काय घडत होते? तुम्ही गाव का सोडले, कोणत्या वाटेने आलात? आपल्या घरात दीक्षा कोणी, कुठे, कधी घेतली? पाणी कुठून भरत होता आणि कोणत्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते? तुम्हाला शाळेत जायचे होते का? मुलांना एवढीच अट घातली आहे की, आजी जशी बोलते तसेच लिहायचे. शुद्ध करायचे नाही. तारीख सांगता आली नाही, तर ‘माहीत नाही’ असे लिहून सोडून द्यायचे नाही. कोणत्या दुष्काळाच्या, कोणत्या लग्नाच्या, कोणत्या निवडणुकीच्या आधी की नंतर, ते विचारायचे.

पहिल्या वर्षी ज्या वह्या आल्या, त्यांत अर्ध्या कोऱ्या होत्या. काही आजी रागावल्या. ‘मेल्या आठवणी कशाला उकरतोस’ म्हणाल्या. एका आजोबांनी तीन प्रश्नांची उत्तरे दिली आणि पाणवठ्याच्या प्रश्नावर उठून बाहेर गेले, असे त्यांच्या नातीने प्रामाणिकपणे लिहिले. मी त्या पानावर लाल शाई लावली नाही. दुसऱ्या वर्षी एका मुलीच्या वहीत तिच्या पणजीने पाठविलेली सहा गाणी होती, विहिरीवर पाणी ओढताना म्हणायची. एका मुलाने चौथ्या प्रश्नाखाली गावच्या पाणवठ्यांचा नकाशाच काढला : वरची विहीर, खालचा डोह, मधली रेघ.

या वह्या ग्रंथालयातील लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. विद्यालयातून बाहेर पडलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या आजी आहेत, ज्यांनी १९५६ साल जाणत्या वयात पाहिले आहे. त्यांनी कोऱ्या वहीसाठी विद्यालयात यावे किंवा घरच्याच वहीत लिहून पाठवावे. मोबाइलवर आवाज नोंदवून आणला तरी चालेल, तो आमची मुले उतरवून घेतील. पालकभेटीच्या रविवारी आजींसाठी बाहेरच्या पडवीत आता एक बाक वेगळा ठेवलेला असतो. गेल्या दुसऱ्या रविवारी आठवीतल्या एका मुलाची आजी शहापूरकडून आली होती. नोंदवहीत अंगठा उमटवून झाल्यावर ती मला म्हणाली, “गुरुजी, त्यानं मला तिसरा सवाल विचारला व्हता. मी तवा सांगितलं नाही. आता सांगते, लिवा.” मुलगा तेव्हा मैदानात होता. त्याला बोलावणे पाठविले, आणि तो वही घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.